१२ इंची बिडाचा तवा: देशोदेशीच्या भाकऱ्यांसाठी घ्यावा का?

घरी मेक्सिकोचा तोर्तिया, इथिओपियाचा इंजेरा, चिनी कांद्याच्या पातीचा पराठा असं काही करून बघायचं असेल तर पहिला खर्च ओव्हनवर करू नका, तव्यावर करा. जगातल्या कितीतरी रोट्या भट्टीत होत नाहीत, तव्यावरच होतात. मेक्सिकोत त्या तव्याला कोमाल म्हणतात, व्हेनेझुएलात बुदारे, इथिओपियात मिताद, फ्रान्सच्या ब्रिटनी भागात बिलिग. कुठे तो मातीचा असतो, कुठे ओतीव लोखंडाचा, पण सगळ्यांना हवा असतो तो जाड, सपाट पृष्ठभाग आणि कोरडा, टिकून राहणारा ताप. रोज ज्वारीची भाकरी करणाऱ्या मराठवाड्यातल्या घरात हे कसब आधीपासूनच आहे. कमी असते ती नेमक्या तव्याची.

इथे पारखलेला तवा असा: बिडाचा म्हणजे ओतीव लोखंडाचा, १२ इंच (३० सेंमी) व्यासाचा, सुमारे ५ मिमी जाड, वरून मशीनवर घासून गुळगुळीत केलेला, काठ नसलेला किंवा अगदी बुटका काठ असलेला, दोन बाजूंना दोन कान. ऑनलाइन किंवा शहरातल्या भांड्यांच्या मोठ्या दुकानात तो साधारण एक ते अडीच हजार रुपयांत मिळतो. आठवडी बाजारात वजनावर मिळणारा खरखरीत तवा याहून बराच स्वस्त पडतो, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. कोरड्या तव्यावरच्या रोट्यांसाठी याला तोड नाही, जाड धिरडी आणि ऑम्लेटच्या जातीचे पदार्थ उत्तम होतात, आंबट रश्शाला मात्र तो अजिबात चालत नाही. आणि पिझ्झ्याच्या आशेनं घेत असाल तर घेऊ नका.

नॉनस्टिक का नाही, हा पहिला प्रश्न. तोर्तियाला २२० ते २५० अंश सेल्सिअस ताप लागतो आणि तोही कोरडा, तेलाचा थेंब न टाकता. नॉनस्टिकचा थर २६० अंशांच्या पुढे विघटित व्हायला लागतो, आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवला की तो आकडा काही मिनिटांतच ओलांडला जातो. म्हणजे ज्या तापावर रोटी फुगते त्याच तापावर नॉनस्टिक धोक्यात येतो. पत्र्याचा पातळ लोखंडी तवा हा ताप सोसतो, पण साठवत नाही. थंड पिठाची चकती टाकली की तो लगेच गार पडतो, दुसरी-तिसरी रोटी कडक होते आणि फुगत नाही. बिडाचं मोल या साठवणीत आहे. ३० सेंमी व्यास आणि ५ मिमी जाडी म्हटलं की साडेतीनशे घन सेंमी बीड, म्हणजे अडीच किलो, कान आणि काठ धरून तीन किलोच्या आसपास. वजन एवढं भरत नसेल तर तवा पातळ आहे असं समजा. चार किलोच्या पुढचा तवाही टाळावा, कारण तो रोज उचलला जात नाही आणि न वापरलेलं बीड गंजतं.

दुकानात घेताना या गोष्टी हातानं तपासाव्यात. स्टीलची फूटपट्टी तव्यावर आडवी, तिच्या कडेवर उभी धरा, खालून उजेड दिसला तर तवा वाकडा आहे. पातळ पिठासाठी तो बाद, कारण पीठ एका बाजूला वाहतं. तवा एका कानावर लटकवून बोटातल्या अंगठीनं किंवा चमच्यानं टकटक करा. स्वच्छ आवाज आला तर ठीक. आवाज फुटका, भरड आला तर बारीक तडा असू शकतो. काठावर नखानं खरवडा, काळा पापुद्रा निघाला तर तो रंग आहे, तेलाचा थर नाही. असा तवा घेऊ नये. घासल्याच्या गोल रेषा दिसल्या तर हरकत नाही, त्यात नख अडकता कामा नये एवढंच. आरशासारखा चकचकीत पृष्ठभागही नको, त्याला तेलाचा थर धरत नाही.

आठवडी बाजारातला खरखरीत तवा घेतलात तर तो घरी घासता येतो: आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०. काम तास-दोन तासांचं आहे. नाकातोंडाला फडकं बांधून, अंगणात बसून करावं. मिताद किंवा बिलिगवर होणाऱ्या पातळ पदार्थांसाठी ही मेहनत वसूल होते. नुसत्या तोर्तिया आणि पिटा ब्रेडसाठी खरखरीत तवाही चालून जातो.

तेलाचा थर: करडई इथे कामाला येते

तवा "आधीच तयार" म्हणून विकला जात असला तरी तो थर फार पातळ असतो. घरी पाच-सहा हात तरी द्यावेतच. त्यासाठी आपल्याकडचं घाण्याचं करडई तेल फार चांगलं. या तेलात लिनोलेइक आम्ल सुमारे तीन चतुर्थांश असतं. अशी तेलं पातळ पसरून तापवली की हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून घट्ट विणली जातात आणि लोखंडाला धरून बसतात. शेंगदाणा आणि सूर्यफूल तेलानंही काम भागतं. तूप आणि खोबरेल नको, ती चिकट राहतात. जवसाचं तेल सगळ्यांत कडक थर देतं हे खरं, पण तो थर ठिसूळ असतो आणि उलथन्याच्या धक्क्यानं पापुद्रे सुटतात. रोज भाकरीचा तवा असेल तर जवसाच्या नादी लागू नये.

कृती अशी. तवा गरम पाणी, साबण आणि तारेच्या घासणीनं एकदाच खडखडीत धुवा, कारखान्यातलं संरक्षक तेल निघून गेलं पाहिजे. मंद आचेवर पाच मिनिटं पूर्ण वाळवा. कोमट असताना अर्धा चमचा तेल आतून, बाहेरून, कानांना चोळा. मग कोरड्या सुती फडक्यानं पुसत राहा, इतकं की तवा तेलकट दिसूच नये. आता मध्यम आचेवर ठेवा, धूर निघेल, तो थांबेपर्यंत साधारण पंधरा-वीस मिनिटं तापू द्या, मग गार करा. हे पाच-सहा वेळा. खिडक्या उघड्या ठेवा. थर चिकट झाला, थेंब थेंब दिसले तर कारण एकच असतं: तेल जास्त झालं. तो भाग तारेच्या घासणीनं काढून पुन्हा पातळ हात द्यावा.

कोरडी भाकरी मोठ्या आचेवर सारखी केली की तव्याचा मधला भाग हळूहळू करडा पडतो. तो दोष तव्याचा नाही, थर जळतो म्हणून तसं होतं. दर पंधरवड्याला तेलाचा एक हात दिला की पुरे.

ताप कुठे लागतो, ते पिठानं बघा

बिडाचा मोठा उणेपणा हा की उष्णता त्यात सावकाश पसरते. ॲल्युमिनियमच्या तुलनेत बिडाची उष्णता वाहून नेण्याची क्षमता चौथा-पाचवा हिस्साच असते. घरच्या बर्नरवर १२ इंची तवा ठेवला की मधलं कडं तापतं आणि काठ मागे राहतो. आपल्या शेगडीवर नेमकं काय होतं ते बघायचं तर गार तव्यावर चाळणीनं ज्वारीचं पीठ पातळ भुरभुरवा आणि मध्यम आच लावा. काही मिनिटांत बर्नरच्या कड्याएवढं तपकिरी वर्तुळ पिठात उमटतं, मग ते बाहेर सरकत जातं. कडं काळं पडेपर्यंत काठ पांढराच राहिला तर आच मोठी आहे. आच अर्ध्यावर आणून पुन्हा केलं तर रंग बराच सारखा चढतो. तव्याला काय हवं ते इथे स्पष्ट दिसतं: चार मिनिटं मंद, पुढे सहा मिनिटं मध्यम आच आणि मधून एकदा पाव वळसा. थेट मोठ्या आचेवर ठेवलेला तवा मध्ये करपवतो आणि काठाला कच्चं ठेवतो. बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात.

चुलीवर चित्र वेगळं. तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा जाळ भरकन पेटतो, तसाच ओसरतो. पातळ तव्यावर त्याचा प्रत्येक चढउतार रोटीत दिसतो, जाड बीड तो पचवून घेतं. जाळ तव्याच्या सगळ्या बुडाला लागत असल्यामुळे काठही तापतो. इंजेऱ्यासाठी चूल गॅसपेक्षा सरस.

इंडक्शनवर बीड चालतं, पण सुरुवात ४००–६०० वॉटवर करावी. घरगुती कॉइल तव्यापेक्षा लहान असते. एकदम पूर्ण शक्ती दिली तर मधला भाग फुगून तवा वाकतो किंवा तडकतो.

तापमान मोजायला इन्फ्रारेड बंदूक असेल तर काळ्या, तेल धरलेल्या तव्यावर ती बरोबर वाचते, नव्या चकचकीत धातूवर कमी दाखवते. नसेल तर पाण्याचा थेंब टाका. तो चुर्र करून विरला तर तवा अजून कमी तापलाय. मोत्यासारखा गोल होऊन पळायला लागला की दोनशेच्या आसपास पोचला.

तोर्तिया: मोंढ्यातला मका आणि पानाचा चुना

या तव्याची सगळ्यांत चांगली परीक्षा मक्याच्या तोर्तियात होते. अनेक घरांत हा पदार्थ फसतो तो तव्यामुळे नव्हे, पिठामुळे. गिरणीतलं साधं मक्याचं पीठ तोर्तियाला चालत नाही. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, मुरवून, मग ओला वाटावा लागतो. चुना मक्याच्या सालातले धागे सैल करतो, त्यामुळे पिठाला चिकटपणा येतो आणि पातळ चकती न फाटता उचलता येते. शिवाय मक्यात अडकून असलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. चुन्याशिवाय मकाच खाणाऱ्या देशांत पूर्वी पेलाग्रा हा रोग पसरला होता, त्याचं मूळ इथे आहे.

सिल्लोड-कन्नडकडचा, जालन्याचा पिवळा मका मोंढ्यात सहज मिळतो, तो चालतो. स्वीटकॉर्न आणि लाह्यांचा मका चालत नाही. बियाण्याच्या पिशवीतला मका कधीही घेऊ नये, त्याला औषध लावलेलं असतं, रंगावरून ओळखू येतं. बुरशी आलेले, काळपट दाणे निवडून फेकावेत, शिजवून ते विष जात नाही.

प्रमाण: ५०० ग्रॅम मका, दीड लिटर पाणी, ५ ग्रॅम कोरडा खायचा चुना. पानाच्या टपरीवरचा ओला चुना घेतला तर १० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन छोटे चमचे. तो साधा पांढरा, वास-रंग नसलेला असावा. भिंतीचा चुना नको. भांडं स्टीलचं घ्या, चुना ॲल्युमिनियम खातो. पाण्यात चुना विरघळवून मका टाका, उकळी आली की मंद आचेवर ३० ते ४५ मिनिटं ठेवा. दाणा अंगठ्यानं चोळल्यावर साल सुटली पाहिजे, पण दात लावल्यावर आतला गाभा पांढरा, कणीदार राहिला पाहिजे. गाभाही मऊ झाला तर मका जास्त शिजला, पीठ चिकट होणार आणि तोर्तिया फुगणार नाही. झाकून ८ ते १२ तास ठेवा. मग तीन-चार पाण्यांनी चोळून धुवा, बरीचशी साल जाते. सगळी काढायचा आग्रह नको, थोडी राहिली तर पीठ बांधलं जातं.

वाटण हा अवघड टप्पा. मिक्सरला पाणी जास्त लागतं आणि पीठ सैल होतं. १००–१५० ग्रॅमच्या लहान हिश्श्यांत, चमचा-चमचा पाणी घालत, मिक्सर मधूनमधून थांबवत वाटा. वेट ग्राइंडर किंवा पाटा-वरवंटा जास्त चांगला. शेवटी पीठ सैल वाटलं तर एक-दोन चमचे साधं मक्याचं पीठ मिसळा. ३० ग्रॅमचा गोळा, दुधाच्या पिशवीचे धुतलेले दोन तुकडे वर-खाली, आणि सपाट बुडाच्या ताटानं दाब: १४–१५ सेंमीची, दीड-दोन मिमीची चकती. काठ फाटले तर पाणी कमी, प्लास्टिकला चिकटलं तर जास्त. उन्हाळ्यात मराठवाड्याच्या कोरड्या हवेत उघडं पीठ काही मिनिटांत सुकतं, ओलं फडकं झाकूनच काम करा.

तव्यावर पहिली बाजू १५–२० सेकंद, काठ सुटायला लागले की उलटा. दुसरी बाजू ४५ सेकंद ते एक मिनिट. पुन्हा उलटून बोटांनी मध्ये हलका दाब दिला की ती फुगते. फुगली नाही तर आधी तव्याचा ताप बघा, मग वाटणाचा बारीकपणा. तव्यावरून निघालेली तोर्तिया कडकसर वाटते. दहा मिनिटं जाड सुती कापडात गुंडाळून ठेवली की वाफेनं मऊ होते. ही पायरी सोडली तर सगळी मेहनत वाया जाते. १२ इंची तव्यावर एका वेळी तीन बसतात, पण काठाकडच्या दोन मागे राहतात. मध्ये एक आणि बाजूला एक, अशा दोनच घ्याव्यात आणि जागा बदलत राहावी.

ज्वारीचा इंजेरा

ज्वारी मूळची आफ्रिकेची. सुदानात तिच्या आंबवलेल्या पातळ पिठाची किस्रा होते, इथिओपियात टेफ (इंजेऱ्याचं तिथलं बारीक धान्य) नसेल तिथे इंजेराही ज्वारीचा करतात. टेफ शोधत बसण्यापेक्षा आपली मालदांडी घ्या, बारीक दळून मैद्याच्या चाळणीनं चाळा. दगडी, शालू अशा पांढऱ्या टपोऱ्या ज्वारीनंही चांगला रंग येतो. पावसात काळी पडलेली खरिपाची ज्वारी मात्र इंजेऱ्यात कडवट लागते.

३०० ग्रॅम ज्वारीचं पीठ, ६० ग्रॅम मैदा, ४८० मिली पाणी आणि आधीच्या घाण्यातलं दोन चमचे आंबलेलं पीठ. पहिल्यांदा करताना आंबलेलं पीठ नसेल तर १ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. मे महिन्यात दहा-बारा तासांत पीठ आंबतं, डिसेंबरात चोवीस ते छत्तीस तास धरा. वर पिवळसर पाणी साचतं, ते ओतून टाका आणि तेवढंच ताजं पाणी घाला. वास ताकासारखा आंबट हवा. सडका वास आला किंवा वर रंगीत बुरशी दिसली तर सगळं टाकून द्या.

आता खरी किल्ली. १०० मिली आंबलेलं पीठ २०० मिली पाण्यात मिसळून सतत ढवळत उकळा, आंबिलीसारखं दाट होईल. कोमट झालं की मूळ पिठात परत मिसळा. इथिओपियात याला अब्सित म्हणतात. ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे बुडबुडे धरून ठेवायला पिठात काहीतरी हवं. शिजून फुगलेला स्टार्च ते काम करतो. ज्वारीच्या भाकरीला उकळतं पाणी घालून पीठ मळतात त्यामागेही हेच कारण आहे. तासा-दोन तासांत पीठ पुन्हा फसफसलं की तवा तापवा. सैलपणा धिरड्याच्या पिठाएवढा.

ताप २०० अंशांच्या आसपास, तेल नाही. दीडशे मिली पीठ काठाकडून सुरू करून आत वळसे घेत ओता. पसरवायचं नाही, डाव लावायचा नाही, तवा सपाट असेल तर पीठ आपोआप जुळतं. ३०–४० सेकंदांत सगळ्या पृष्ठभागावर डोळे, म्हणजे बारीक छिद्रं, उघडतात. ते उघडल्यावरच झाकण ठेवा, आधी ठेवलं तर वाफेनं डोळे मिटतात. झाकणाखाली दीड ते दोन मिनिटं, काठ आपोआप सुटून वर येतात. उलटायचा नाही. झाकणाच्या आतलं पाणी इंजेऱ्यावर टपकू देऊ नका, प्रत्येक वेळी पुसा.

चिकटला तर बहुधा थर नवा असतो. इथिओपियात तव्यावर तेलबियांची पूड घासतात. आपल्याकडे तिळाची पूड कोरड्या फडक्यात बांधून गरम तव्यावर फिरवली की काम होतं. डोळे नुसते मध्येच आले आणि काठाला नाहीत तर तवा काठाला गार आहे, पीठ वाईट नाही. गॅसवर १२ इंची तव्यात ही अडचण पहिल्या दोन इंजेऱ्यांना येतेच.

सोबत मसूर डाळीचा तिखट वॉट, म्हणजे इथिओपियाचा दाट रस्सा, करायचा तर तो स्टीलच्या पातेल्यात. कांदा तेलाशिवाय, थेंब-थेंब पाणी शिंपडत पंधरा-वीस मिनिटं परतावा, तेल मग घालावं. चव तिथून येते.

बाकीचे पदार्थ

कांद्याच्या पातीचा चिनी पराठा या तव्यावर सोपा जातो. ३०० ग्रॅम मैदा, १५० मिली उकळतं पाणी, मग ५० मिली गार, मळून अर्धा तास विसावा. चार भाग, प्रत्येक पातळ लाटून तेल, मीठ आणि २५ ग्रॅम चिरलेली पात, गुंडाळी, मग चकलीसारखा वेटोळा, दहा मिनिटं थांबून १८ सेंमीचा लाटा. ताप १८० अंश, एक मोठा चमचा तेल, दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं. पात धुतल्यावर पूर्ण कोरडी हवी, ओली पात पदर फाडते.

पिटा ब्रेड (अरबी देशांतली फुगणारी रोटी): १५० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम कणीक, १९५ मिली पाणी, ४ ग्रॅम यीस्ट, ५ ग्रॅम मीठ, आठ गोळे, ५ मिमी जाड लाटून दहा-पंधरा मिनिटं थांबा. तवा २३० अंशांच्या वर. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा यीस्ट निम्मं करा आणि पाणी माठातलं घ्या, नाहीतर पीठ लाटेपर्यंत आंबट आणि सैल होतं. फुगायला पहिली बाजू वीस-तीस सेकंदच ठेवायची. जास्त ठेवली तर कडक पापुद्रा बनतो आणि वाफ एका ठिकाणाहून फुटते.

ओकोनोमियाकीत, म्हणजे जपानच्या जाड धिरड्यात, कोबीच सगळं काही आहे. ३०० ग्रॅम बारीक चिरलेला कोबी, १०० ग्रॅम मैदा, १०० मिली पाणी, दोन अंडी, मीठ आणि अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, यात १८–२० सेंमीचे दोन होतात. आच मंद, दीडशे-एकशे साठ अंश, पाच मिनिटं, उलटून झाकण, आणखी पाच. बिडाचा साठवलेला ताप इथे जास्त होऊ शकतो. तोर्तियानंतर लगेच हा करायचा असेल तर तवा दहा मिनिटं गार होऊ द्या, नाहीतर बाहेरून काळा आणि आत कोबी कच्चा. सॉस ताटात घाला, तव्यावर नको.

ब्रिटनीच्या गालेटसाठी (पातळ धिरड्यासाठी) कुट्टूचं पीठ लागतं, ते नवरात्रात मोठ्या किराणा दुकानांत दिसतं. २५० ग्रॅम पीठ, ५५० मिली पाणी, ५ ग्रॅम मीठ, रात्रभर फ्रिजमध्ये. इंग्रजी टी आकाराच्या लाकडी दांडीनं तीन-चार सेकंदांत पसरवावं लागतं, आणि तिथे उंच काठाचा तवा आडवा येतो. बिनकाठाचा घ्या म्हणतो ते यासाठीच. सोक्का, म्हणजे फ्रान्सचं बेसनाचं धिरडं, मात्र काठाशिवायही जमते: २०० ग्रॅम बेसन, ४०० मिली पाणी, दोन मोठे चमचे तेल, ५ ग्रॅम मीठ, चार तास भिजवून वरचा फेस काढा. लातूरकडच्या हरभरा डाळीचं ताजं, किंचित रवाळ बेसन पाकिटातल्यापेक्षा कितीतरी चांगलं लागतं.

कुठे कमी पडतो

पिझ्झा. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा चारशे अंशांच्या वर, वरून-खालून ताप मिळून दीड मिनिटाच्या आत होतो. तव्याला वरचा ताप नाही. खालची बाजू करपते, चीज नुसतं वितळतं. झाकण ठेवून जे होतं त्याला पिझ्झा म्हणावं असं वाटत नाही.

टोमॅटोचा शकशुका, चिंचेचा रस्सा, आमसूल, व्हिनेगर हे काहीही यात दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये. आम्ल तेलाचा थर खातं, पदार्थाला लोखंडाची चव आणि करडा रंग येतो. इंजेऱ्याचं पीठही आंबट असतं, पण त्याचा तव्याशी संबंध दोन-तीन मिनिटांचाच, म्हणून ते चालतं. मासे केल्यावर दुसऱ्या दिवशी तोर्तियाला वास येतो. मासे नेहमी होत असतील तर दुसरा तवा ठेवा.

संभाजीनगरच्या नान-खलियातला नान घरी करायचा म्हणून अनेक जण नान ओल्या बाजूनं तव्याला चिकटवून तवा आचेवर उलटा धरतात. तीन किलोच्या, दोनशे अंशांच्या बिडाशी हे कधीही करू नका. मनगट मुरगळतं, आणि कानावरून फडकं निसटलं तर भाजतं. त्याला पत्र्याचा हलका लोखंडी तवाच हवा. मनगटाचा त्रास असणाऱ्यांनी किंवा घरात एकट्या राहणाऱ्या वयस्करांनी १२ ऐवजी १० इंची घ्यावा, तोर्तिया आणि पिटा ब्रेडसाठी तेवढा पुरतो. इंजेरा लहान होईल, एवढंच.

धुणं, ठेवणं

रोट्यांनंतर धुवायची गरज नाही, जळकं पीठ कोरड्या फडक्यानं झाडा, नाहीतर पुढच्या रोटीला काळे ठिपके लागतात. तेलकट पदार्थानंतर कोमट तव्यावर गरम पाणी आणि नारळाची शेंडी. सौम्य साबणाचा थेंब चालतो, पक्का थर त्यानं जात नाही. भिजत ठेवणं, राखेनं घासणं आणि तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतणं या तीन गोष्टी टाळा, शेवटच्या एका चुकीनं तडा जातो. बोअरचं जड पाणी तव्यावर तसंच वाळलं की पांढरे डाग राहतात आणि त्यांच्याखाली गंज सुरू होतो. म्हणून धुतल्यावर लगेच आचेवर दोन मिनिटं वाळवा, तेलाचं बोट फिरवा.

उन्हाळ्यात एवढं पुरतं. पावसाळ्यात तवा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवावा, ओट्याखालच्या ओलसर जागेत आणि दुसऱ्या भांड्याखाली नको. नारिंगी गंज आला तरी तवा वाया जात नाही: घासा, वाळवा, तेलाचे तीन हात द्या. तडा गेलेला तवा मात्र वेल्डिंगनं नीट सांधला जात नाही, सांध्याजवळ पुन्हा फुटतो. म्हणून ऑनलाइन मागवला असेल तर पार्सल उघडल्याबरोबर टकटक करून बघा आणि तेल लावण्याआधीच परत करा.